बिनतोंडाचे पाहुणे

प्रिय धन्यकुमार,

तुझ्या गुडघ्याचं कसं काय आहे रं गड्या? तेल चोळतोस, की बाटली कोनाड्यात शोभेला ठेवलीस? हळदीच्या धुरळ्यानं तुझ्या पोराचा, अतिशयचा, घसा बसला होता, तो सुटला का? सूनबाईंची पाठ? आणि नातीला, ब्राह्मीला, चष्मा लागला म्हणालास. ती तो घालते की दप्तरातच फिरवते? इकडं आमच्या कारभारणीचा, बनुबाईचा, बीपी गोळीच्या धाकात आहे, म्हैस व्यायलीय, आणि मी काठी टेकत का होईना, देवराईपर्यंत रोज जाऊन येतो. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोन तू स्पीकरवर टाकतोस आणि अख्खं घर ऐकतं. मला तुझ्या एकट्याशी बोलायचंय, राजमतीवहिनींच्या नावानं तू आमच्या देवराईत दिलेल्या दिव्याबद्दल. पण ते एकदम लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी एका पाखराचं सांगतो, ऐक.

देवळामागं शेमटीची झाडं आहेत बघ, ज्यांच्या बुडाशी वहिनी टेकायच्या. पावसाळ्यात त्या झाडांवर चंद्रपतंग असतो. पुस्तकातलं नाव हे. आमच्यात कुणी त्याला नावच ठेवलं नव्हतं. तळहातापेक्षा मोठा, कोवळ्या केळीच्या पानासारखा फिकट हिरवा, पंखाच्या वरच्या काठाला जांभळट गोट, चारी पंखांवर एकेक चंद्र, आणि मागं दोन लांब शेपट्या, लुगड्याचा सोगा सुटल्यासारख्या. वहिनींनी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांना पानच वाटलं. पान हललं तशा दोन पावलं मागं सरकल्या, आणि मग कितीतरी वेळ जागच्या हलल्या नाहीत. बनुबाईला वेगळीच काळजी. पाव्हणा दिवसभर एका जागी उपाशी बसलाय म्हणून ती वाटीत गुळाचं पाणी घेऊन आली, ते पण तुझ्या सांगलीच्या गुळाचं! वाटी त्याच्यापुढं धरून म्हणते, "घे की रं, लाजतुयास कशाला?" मी हसून हसून बेजार. म्हटलं, अगं, त्याला खायला तोंडच नाही. तिला वाटलं मी थट्टा करतोय. आठवतंय ना, तू सुद्धा जवळ जाऊन, चष्मा वर करून तोंड शोधत होतास.

खरंच नसतं गड्या. खाणंपिणं सगळं अळी असताना. हिरवीगार, जाडजूड अळी, अंगावर पिवळ्या गाठी. पानामागून पान अशी फस्त करते की लग्नातली पंगत लाजावी. मग पानं ओढून घेऊन त्यात कोश विणते आणि आत गप्प बसते. बाहेर येतं ते हे रूप घेऊन, पण तोंडावाचून. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जेमतेम आठवडा काढायचा, तेवढ्यात जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मादी झाडाला लटकून राहते, अंधार पडला की वास सोडते. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही नाही. पण नराच्या मिशा पिसासारख्या असतात; पार पलीकडच्या डोंगरावरून तो त्या वासाच्या वाटेनं येतो. मी जन्मभर एसटी चालवली, पाट्या वाचून सुद्धा फाटे चुकलो! आणि त्या शेपट्या नुसत्या नटायला नाहीत बरं. वटवाघूळ आवाज सोडतं आणि पडसादावर शिकार धरतं. उडताना शेपट्या गरगर फिरतात, पडसाद फसतो, आणि वटवाघळाच्या तोंडात येतो तो शेपटीचा तुकडा. पतंग आपला पुढं चालू लागतो.

तोंड नाही हे पटल्यावर वहिनींनी हात जोडले होते. म्हणाल्या, "भावजी, आमी पर्युषणात दहा दिवसांचे उपास करतो आणि गावाला सांगतो. ह्यो बघा, कुणाला सांगत बी न्हाई." तू म्हणालास, "सांगायला तोंड कुठाय त्याला?" त्यावर त्या हसल्या होत्या, तशा हसलेल्या मी मग फार वेळा बघितल्या नाहीत.

सांगली डेपोत होतो तेव्हा तुझ्या माडीवर भाड्यानं राहायचो. वहिनी दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उरकायच्या. दिव्याच्या उजेडाला कीडमुंगी येते, ताटात नाहीतर चुलीत पडते, म्हणून अंधार पडल्यावर चूल नाही. माझी गाडी कवठे महांकाळहून उशिरा आली की दारातच ऐकायला मिळायचं, "मावळला वो भावजी! आता एसटीलाच ईचारा जेवण." पण माडीवर माझ्या खोलीत भाकरी झाकून ठेवलेली असायची. आणि सकाळी आडाचं पाणी गाळून झालं की गाळण्यात राहिलेले जीव त्या परत त्याच आडात सोडायच्या, कळशी पार खालपर्यंत उतरवून, अलगद. मी एकदा म्हटलं, मोरीत झटका की. तर म्हणाल्या, "ज्या पाण्यातनं आलं, त्याच पाण्यात जगतील. दुसऱ्या पाण्यात मरतील वो."

आता दिव्याचं. वहिनींचा पाय देवराईच्या पायऱ्यांवर तिन्हीसांजेला मुरगळला, ते तू मनात धरून ठेवलंस आणि त्या गेल्यावर हा उंच खांब उभा केलास. जत्रेत ज्यानं त्यानं तुला दुवा दिला. मी पण दिला, आणि खोटा नाही दिला. पण पाऊस लागल्यापासून रोज सकाळी तिथं जातो आणि जीव कासावीस होतो. वासाच्या वाटेनं निघालेले नर उजेडाला भुलतात. रात्रभर खांबाभोवती फिरून फिरून थकतात, फरशीवर नाहीतर देवळाच्या भिंतीला चिकटून बसतात, आणि उजाडलं की कावळे येतात. अंग खातात, पंख टाकून जातात. झाडलोट करणारा धुळा परवा ओंजळ भरून घेऊन आला. "तात्या, ही कसली वो हिरवी फुलं? झाड तर दिसंना." त्याला काय सांगू? मागं शेमटीवर माद्या लटकून वाट बघत असतात, त्यांच्याकडं क्वचितच कुणी पोचतो.

धन्या, बटणाची किल्ली धुळ्याकडं आहे. मी म्हटलं तर तो आज बंद करील, पण मी सांगितलेलं नाही. दिवा तुझा आहे, नाव वहिनींचं आहे, शब्द तुझाच यायला पाहिजे. गावाला मी समजावतो. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत वरचा दिवा बंद ठेवू दे. पायऱ्यांवर कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून खाली बुटका, वरून झाकलेला, पिवळा मिणमिणता दिवा मी माझ्या हातानं बसवतो. वहिनींच्या नावाची पाटी त्याच्यावर लावू, तिथं ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता तरी येईल. खांबावर मान मोडून बघावी लागते. रागावलास तर राग, पण वहिनी असत्या तर त्यांनी पहिल्याच सकाळी ते पंख वेचले असते आणि तुझ्याकडं नुसतं बघितलं असतं. हे जीव अंधारातले आहेत रं, त्यांना त्यांच्या अंधारात परत सोडू. शेमटीवर अळ्या पानं गुंडाळून बसल्यात, थोड्या दिवसांत कोश फुटायला लागतील. त्याच्या आत तुझं उत्तर यावं. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल. मी वाट बघतोय.

तुझाच,
लालासाहेब