यादीतलं चौथं पुस्तक

२ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. फोन करून उपयोग नाही, तू हल्ली तोंडावर उशी धरल्यासारखा बोलतोस. मास्तर माणसाने तरी स्वच्छ बोलावं!

चिंगीच्या शाळेने नववीच्या पोरांना सुट्टीत वाचायला सक्तीची पुस्तकं दिली आहेत. प्रत्येक पुस्तकावर वही लिहायची, शाळा उघडली की द्यायची, त्याला गुण आहेत. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. पुस्तक आधी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, मगच ते लेकीच्या हातात जातं. आणि शाळेने सांगितलेलं सोडून बाकी काही मी हातात धरत नाही. तर चिंगीच्या यादीत चार पुस्तकं आहेत. माझ्या शेजारच्या तिकीट खिडकीवर जो बसतो ना, त्याचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. त्याच्या यादीत तीनच! चौथं पुस्तक म्हणजे कुठल्याशा म्हाताऱ्या तारबाबूच्या आठवणी. खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही आहे, पण चौथ्या ओळीची शाई मला जरा गडद वाटते.

कुठेतरी पाणी मुरतंय रे. चिंगी आणि तिची मैत्रीण कुजबुजत असतात, मी वळले की गप्प. परवा किटली जळून कोळसा झाली. चिंगी म्हणते दहा मिनिटं शिट्टी वाजत होती. अरे, मी तिथेच चार हातांवर कपड्यांच्या घड्या घालत होते! धडधडीत खोटं. घड्याळजीने भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, तर त्याची टिकटिकच गायब. आतला चांगला भाग काढून घेतला असणार मेल्याने. हे बोटीवर, सहा महिने येणार नाहीत, तेव्हा सगळ्यांवर नजर ठेवायला मी एकटी.

ते पुस्तक तू घुसडलंस का? नसशील, आणि पोरीनेच शाळेच्या कागदात भर घातली असेल, तर ती यादी मी स्वतः बाईंपुढे ठेवीन. पोटची पोर म्हणून मुलाहिजा ठेवणार नाही.

उलट टपाली खरं लिही, म्हणजे लोभ आहे तेवढा राहील.
ताई


८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. उशी कसली धरतो? मी फोनवर इतका ओरडतो की वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. शपथेवर सांगतो, त्या पुस्तकाचं नावही मला माहीत नाही. पण तू कसली विश्वास ठेवतेस! लहानपणी मी तुला वाढदिवसाला पेन दिलं, तेव्हा ते कुणाच्या दप्तरातून काढलं म्हणून तू माझ्या वर्गात येऊन चौकशी केली होतीस. ते मी अजून विसरलेलो नाही.

मात्र एक कळकळीने सांगतो. यादी घेऊन शाळेत जाऊ नकोस. सहीच्या कागदात फेरफार म्हणजे आमच्याकडे सरळ दाखला हातात ठेवतात. दहावीच्या तोंडावर पोर घरी बसेल. आधी पुस्तक वाच, तू वाचणारच आहेस. त्यात वावगं काही निघालं तर मी स्वतः येऊन तिला फैलावर घेईन.

चिंगीला आशीर्वाद. चौकशी संपेपर्यंत तरी माझ्यावर माया असू दे.
तुझा,
भाऊ


१५ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. शाळेत जाऊन आले. घाबरू नकोस, यादी दाखवली नाही, नुसती सहज चौकशी केली. पुस्तकं तीनच! म्हणजे आपल्या गुणी बाळाने चौथं स्वतः टाइप केलं. वर पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे, आणि तारीख बघ, यादी मिळाली त्याच्या महिनाभर आधीची. म्हणजे बाईसाहेबांनी ते कधीच वाचून टाकलंय. मग वाचलेलं पुस्तक यादीत कशाला घालायचं? मला वाटलं आत कुणाचं पत्र असेल. एकेक पान झटकून पाहिलं. काही नाही, मध्ये मध्ये पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या.

शेवटी वाचायला घेतलं. हा तारबाबू दिवसभर स्टुलावर बसून यंत्राची कटकट ऐकतो आणि लिहून घेतो. पण माणूस शहाणा आहे हो! हाताखालचे लोक आपल्याबद्दल कुजबुजतात, साहेब मुद्दाम आपल्याला खराब लाइन देतो, हे त्याने बरोबर ओळखलंय. मला तर हा माणूस फार पटला. आमच्याकडेही तेच चाललंय. प्रवासी तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि शेजारच्या खिडकीवाला सारखा माझ्यापुढे चिठ्ठ्या सरकवतो. मदतीचं सोंग करून साहेबांच्या नजरेत भरायचंय त्याला.

अर्धं राहिलंय. रविवारपर्यंत संपवते, मग चिंगीची उलटतपासणी. सोमवारी यादी घेऊन बाईंच्या घरी जाणार. आता मला अडवू नकोस, अडवलंस तर तूही सामील होतास असं धरीन.
ताई


१९ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि. आई माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. पुस्तक तिने वाचून संपवलंय. यादी तिच्या पर्समध्ये आहे, आणि काल रविवारी ती कुठेच गेली नाही, म्हणजे आज जाईल.

मामा, चौथी ओळ मीच टाइप केली, ग्रंथालयातल्या मशीनवर. आईला ऐकू येत नाही रे. फार कमी येतं. मी तीनदा सांगून पाहिलं, तर म्हणाली की मला म्हातारी ठरवून खिडकीवरून उठवायचा तुमचा डाव आहे. शेजारच्या खिडकीवरचे काका प्रवाशांचं बोलणं चिठ्ठीवर लिहून तिला देतात. ते तरी किती दिवस सांभाळून घेणार? त्या तारबाबूचं अगदी असंच झालं होतं. आई माझं ऐकत नाही, पण शाळेची यादी असली की शब्द न् शब्द वाचते. म्हणून केलं. मला शाळेतून काढलं तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण तिने पुस्तक वाचलं ते बरं झालं.

तिला सांगू नकोस मी रडत लिहिलंय ते.
तुझी,
चिंगी


२७ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. उशीर झाला, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

पुस्तकात पुढे त्या तारबाबूची मुलगी त्याच्या पाठीशी उभी राहून हाका मारते. तो वळतच नाही. ती रडायला लागते, तेव्हा त्याला ती समोरच्या काचेत दिसते. तिथे पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. मी पुस्तक मिटलं, स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळावर हात ठेवला. भाऊ, ते चालू होतं. टिकटिक तळहाताला लागत होती. तीन महिने मी त्या बिचाऱ्या घड्याळजीला शिव्या घातल्या!

दोन दिवस कुणाशी बोलले नाही. लाज वाटली, आणि भीतीही. सोमवारी पर्स घेऊन निघाले, ती कानाच्या डॉक्टरांकडे, चिंगीला बरोबर घेऊन. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर जाडजूड हेडफोन चढवला आणि आवाज आला की बोट वर करा म्हणाले. तीन-चारदा केलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, यांचं यंत्र बिघडलंय, आणि आता हे दोष मला देणार. काचेतून बघते तर चिंगी डॉक्टरांच्या मागे उभी, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. डॉक्टरांच्या यंत्रातून तिला बाहेर ते सगळे आवाज ऐकू येत होते.

काल कानात मशीन बसवलं. पिशव्यांची केवढी ती सळसळ! शेजारच्या खिडकीवाल्याचे आभार मानले, तर तो म्हणाला की आता त्याच्या कागदाचा खर्च वाचेल. साहेबांना मीच सांगितलं, खिडकी माझीच राहिली.

यादी बाईंपर्यंत जाणार नाही. पण फसवणूक ती फसवणूक. चिंगीला शिक्षा म्हणून चौथ्या पुस्तकावरही वही लिहायला लावली आहे. ती आधी मी वाचणार, हे सांगायला नकोच.

येत्या रविवारी फोन कर. मनात माझ्याबद्दल काही राहिलं असेल तर ते तेव्हाच बोल, पण ओरडू नकोस. तुझा साधा आवाज कसा आहे, ते मी विसरले आहे रे.
ताई