आधी वारस, मग फिलेमा

मी आउलस नुमिसियस, राहणार तुस्कुलम, देहाने थकलेला पण शुद्धीवर असलेला, कुणाच्याही दडपणाखाली न येता या मेणाच्या पाट्यांवर माझी शेवटची इच्छा कोरतो.

१. माझा पुतण्या टायटस माझा वारस असो. खरे तर हे कलम दुसरे होते. पहिल्यात मी माझी दासी फिलेमा हिला मुक्त केले होते, कारण तीच आधी आठवली. शेजारी गाव्हियस वाचून ओरडला, "अरे म्हाताऱ्या, वारसाच्या आधी लिहिशील ते सगळं फुकट! पूस ते." मी पुसले. तेच शब्द, तोच हात. वर असले की नुसता वारा, खाली आले की कायदा. हे मला अजून उमगलेले नाही.

२. घर, द्राक्षमळा व तेलाचा घाणा टायटसला. आला की तो आधी भिंती चाचपतो, मग माझी तब्येत विचारतो. तरी रक्ताचा आहे.

३. गाव्हियसने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहो. मात्र ती माझी होती, हे त्याने चारचौघांत कबूल करावे.

४. फिलेमा मुक्त असो. शाळेत अंजिराखाली आम्ही बारा फलकांचा जुना कायदा एका सुरात घोकत असू. तोंडातून निघाले की ते बंधन, असे काहीसे त्यात होते. मला ती कविताच वाटे. म्हणून मागल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात मी तिला म्हणालो, "तू मोकळी." ती पातेले घासतच राहिली. कायद्याच्या व्यवहाराला लागतो तो तराजू नाही, साक्षी नाहीत. काहीच घडले नाही. आज हे कलम तिला वाचून दाखवले.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर?"

"हो."

"मग मालक, रोज सकाळी तुम्हाला उठवताना देवाकडे मी काय मागू?"

गाव्हियस हसला. मला हसता आले नाही.

५. म्हणून उद्याच गाव्हियसने मला गाडीत घालून रोमला न्यायाधिकाऱ्यापुढे न्यावे. रिवाजाप्रमाणे मुक्तीची काठी तिच्या अंगाला टेकवली जाईल, ठरलेले शब्द बोलले जातील, आणि ती माझ्या हयातीतच मुक्त होईल. वाटेत मी मेलो तर चौथे कलम आहेच. मी तिला विचारले, "मग परवा माझी लापशी कोण करणार?"

"ते परवा विचारा, मालक. तेव्हा मला नाही म्हणता येईल."

ती नाही म्हणाली, तर तिला कुणीही अडवू नये.

तराजू धरणारा गाव्हियस व पाच साक्षीदार यांनी माझ्यासमोर शिक्के उमटवले.

आउलस नुमिसियस
तुस्कुलम, ऑक्टोबरच्या इडसचा, म्हणजे महिन्याच्या मध्यदिवसाचा, आदला दिवस