चौदाशे चाळीस धागे

सोलापूर

प्रिय काव्या,

तुझ्या आईचा टेबलावरचा जुना कॅल्क्युलेटर महाविद्यालयाच्या संग्रहालयासाठी द्यावा, या तुझ्या विनंतीला तीन आठवडे उत्तर दिले नाही, याबद्दल क्षमस्व. देण्यास मन धजत नव्हते. अखेर पाठवण्यापूर्वी स्वच्छ करावा म्हणून रविवारी तो उघडला.

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, परंतु घरातले हे यंत्र कधी आतून पाहिले नव्हते. बंद गिरणीच्या लिलावातून आईने ते आणले, तेव्हा मी त्याला भंगार म्हटले होते. चादरीच्या नक्षीसाठी ताण्याच्या उभ्या धाग्यांचा हिशेब ती शेवटपर्यंत त्यावरच करी. प्रत्येक काचनळीत शून्य ते नऊ अशा आकारांच्या दहा तारा एकामागे एक उभ्या आहेत. हवा तेवढाच आकडा नारिंगी उजळतो. त्याहून सुंदर आहे त्याची स्मृती. तांब्याच्या उभ्या-आडव्या तारा आणि प्रत्येक छेदावर मोहरीएवढी चुंबकीय कडी. वीज गेली तरी कड्या आकडा सोडत नाहीत. मात्र वाचताना तो पुसला जातो आणि यंत्र तत्क्षणी तो पुन्हा लिहून ठेवते.

म्हणजे आईचा शेवटचा आकडा आत होता. पुन्हा लिहिताना जुनी जोडणी दगा देईल, या भीतीने बराच वेळ स्मृती वाचण्याच्या कळीवर बोट ठेवून बसलो. मग दाबली. १४४०. चादरीला एवढे धागे पुरत नाहीत. तिच्या नक्ष्या विणणाऱ्या गुरप्पाकडे आकडा घेऊन गेलो. तो हसला. “सर, ह्यो ताणा कवाच चढवलाय की. काव्याताईंच्या बाळाचं दुपटं हाय. आक्का लई घाई करत हुत्या. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?” मी माहीत असल्याचे सांगितले. खोटे बोललो.

तू मला का सांगितले नाहीस, हे विचारणार नाही. अशा गोष्टी माझ्याशी बोलण्याची रीत मीच या घरात पडू दिली नाही. परंतु आई गेली म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेर उरले नाही, असे तू धरून चालली असशील, तर ते बरोबर नाही. सातव्या महिन्यात मी तुला न्यायला येईन. सुंदरम्मा मावशी येऊन राहण्यास तयार आहे. डिंकाच्या लाडवांचे प्रमाण मी तिच्याकडून लिहून घेतले आहे. कॅल्क्युलेटर तूर्त येथेच राहील. गुरप्पा दुपट्याच्या पट्ट्यांचा रंग विचारतो आहे. तो मला ठरवता येत नाही. तू कळव.

तुझाच,
अप्पा