फेस काढला कोणी?

पनवेल, मंगळवार

वडीलधारे रामूभावोजी यांस धाकट्या मेव्हण्याचा, महादेवचा, वाकून नमस्कार.

हौसाताईचे गुडघे आता जिना चढू देतात का? आणि द्रोणागिरीतल्या त्या ट्रकांच्या धुळीत तुमचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळे धडधाकट, मी सोडून. कालपासून मला घास गिळवत नाही. (फोनच केला असता, पण घरात भाविका असते.)

आपली भाविका त्या दगड तपासायच्या प्रयोगशाळेत सहा महिने कच्ची नोकरी करतेय. काल शेवटची चाचणी होती. ती जमली की नोकरी पक्की. नेमका डबा घरी विसरली, म्हणून मी घेऊन गेलो. ती फोनवर बोलायला बाहेर गेलेली. बघतो तर एका भांड्यात काळपट चिखल घुसळतोय आणि वर फेस नुसता उतू चाललाय! भावोजी, आपण मिठागरातली माणसं. वर येते ती घाण, खाली बसतं ते मीठ, हे का आपल्याला कोणी शिकवायला हवं? (ताईसुद्धा डाळीवरचा फेस पळीने काढून टाकतेच की.) शेजारी छोटी फळी होती. बाह्या सरसावल्या आणि खालचा चिखल जराही न ढवळता सगळा फेस एका कोऱ्या बादलीत ओढला. बादली मोरीपाशी ठेवली, हात धुतले. म्हटलं, पोरीचं काम हलकं केलं.

भाविका आली, भांड्यात डोकावली आणि किंचाळलीच. "बाबा, फेस कुठाय?" मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझे डोळे पांढरे झाले. तो चिखल म्हणजे दळलेला दगड. त्यात तांबं आणि निकेल. कसलंसं औषध घालून हवा सोडली की धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, आणि खाली उरतो तो कचरा! वर माल, खाली घाण! साठी उलटली, पण असला उफराटा कारभार पाहिला नव्हता. नमुना तेवढाच शिल्लक होता, आणि बादली तोवर सफाईवाली सोनाबाई घेऊन गेली होती. पोर हमसून हमसून रडली हो. माझ्या हाताने मी तिच्या पोटावर पाय दिला, हे काही मनातून जात नाही. तेवढ्यात साहेब आले. "फेस काढला कोणी?"

असो. ताईला नमस्कार.

आपला,
महादेव

ता. क. साहेबांना मी भाविकाच्या देखत म्हटलं, "मी नाय, आमच्या रामूभावोजींनी काढला. ते गेले पण एसटीने." तुम्ही मोठे, पोटात घालाल. ती बाहेर होती, तिलाही ते खरं वाटलं; तिचा फोन आला तर नुसतं 'हो' म्हणा. पत्राचं खरं कारण एवढंच.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र खिशातच राहिलं. सोनाबाईने बादली ओतलीच नव्हती. आत काहीतरी चमकतंय म्हणून झाकून ठेवली होती. फेस तपासला तर आजवरचा सगळ्यात चोख माल निघाला! भाविका पक्की झाली. साहेब म्हणतात, असा हात शोधून सापडायचा नाही, रामूभावोजींना उद्यापासून कामावर बोलवा. तेव्हा भावोजी, पाया पडतो, बोलावणं आलं तर 'नाही' म्हणा.