कुलूप लावलेल्या दाराचा फोटो

प्रिय ताई,

परवा आपल्या नळाची जोडणी तोडायला नगरपालिकेच्या कार्यालयाकडून एक प्लंबर आला. आत्या नेहमीप्रमाणे शिलाई मशीनवर होती. तिला पाहून तो दारातच घुटमळला. म्हणाला, कागदावर तर हे घर रिकामे आहे, पाडायची परवानगीही निघाली आहे. आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "मग मी कोण, भूत? आधी पाणी पी, मग तोड." बिचारा पाणी प्यायला आणि अवजारे उचलून चालता झाला. पत्ता चुकला असेल, असे म्हणून आत्या पुन्हा कामाला लागली.

मला मात्र राहवले नाही. दुकानात साखर मागतानाही जिचा आवाज घशात अडकतो, ती मी बांधकाम परवानगी विभागाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अर्ज तुझा आहे आणि नव्या इमारतीचा नकाशा भाऊजींच्या कचेरीतून आला आहे, हे तिथल्या कारकुनाने सांगितले. त्याचे मला तितके वाईट वाटले नाही. बाबांनंतर घर तुझ्याच नावावर आहे. तू सरळ सांगितले असतेस, तर आत्या चार दिवस धुसफुसली असती आणि पाचव्या दिवशी स्वतःच बोचकी बांधून बसली असती. मी एवढेच विचारले, की राहणाऱ्यांना कळवायचे नसते का? कारकून म्हणाला, कळवले की. दर्शनी दारावर सूचना लावली, तिचा फोटो जोडला. मुदतीत कुणाचीच हरकत आली नाही. "हरकत घ्यायला माणूस घरी लागतो, बाई," असे म्हणत त्याने तो फोटो माझ्याकडे वळवला.

दार आपलेच होते. वर सूचना आणि खाली चकचकीत कुलूप.

ताई, आत्या घर सोडून कुठे जातच नाही, म्हणून आपल्याकडे कुलूप असे नव्हतेच. तू आम्हाला तळ्यावर न्यायला आलीस, तेव्हा घर उघडे टाकून कशी येऊ, म्हणून ती अडून बसली होती. तू पर्समधून कोरे कुलूप काढलेस. थोरलीला सगळे सुचते, धाकटीला पुस्तकाबाहेर काही दिसत नाही, असा टोमणा मला मिळाला आणि तू खळखळून हसलीस. नावेत तू तिचा हात घट्ट धरला होतास, मला शब्दकोश घेऊन दिलास, जेवल्याशिवाय परतायचे नाही असा हट्ट धरलास. आम्ही परतलो तेव्हा दारावर त्या कुलपाशिवाय काहीही नव्हते. आत्या अजून शेजारणींना त्या नावेचे वर्णन ऐकवते आणि दर वेळी त्यातले पाणी थोडे वाढवते.

मी हरकत नोंदवली आहे. येत्या सोमवारी सुनावणी आहे आणि आत्यालाही बोलावणे आले आहे. कार्यालयाचा काही घोटाळा झाला आहे, थोरली एका फोनवर निस्तरील, असे ती म्हणते. त्या दिवशी तुम्हाला बाहेर कोणी नेले, असे सुनावणी घेणारे साहेब मला तिच्यासमोर विचारतील आणि मी खरे तेच सांगेन. म्हणून सोमवारच्या आत जाऊन अर्ज मागे घे. घर हवे असेल तर नंतर समोर बसून माग. आत्याची समजूत मी घालीन. पण तिच्या थोरलीने तिला तळ्यावर का नेले होते, हे तिला माझ्या तोंडून ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

अजूनही तुझीच,
धाकटी