आईचे सकाळचे सात

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा पुन्हा फोन. "आईला एकटं ठेवणं बरं नाही. माझ्याकडे घेऊन येतो." आईला ते नकोय. तिला तिचं घर हवं, तिची खिडकी हवी. मी म्हटलं, पलंगाशी बटण बसवलंय ना? उठली की दाबते, आपल्या दोघांच्या मोबाईलवर वेळ येते. रोज सातच्या आसपास! झोप नीट लागते याचा आणखी काय पुरावा हवा?

"बरं, बघू," म्हणत त्यानं फोन ठेवला. बटण आमच्याच कंपनीचं. कधी नव्हे ते माझं काम घरच्यांच्या उपयोगी पडलं.

६ फेब्रुवारी

एका निवृत्त ड्रायव्हरकाकांची तक्रार. "मी सहाला बटण दाबून फिरायला जातो. मुलीला मोबाईलवर साडेअकरा दिसतात. म्हणते, बाबा आळशी झाले!"

आमचा प्रोग्राम तपासणारा टेस्टर म्हणतो, "माझ्याकडे बरोबर दिसतंय." त्याचं नेहमीचं पालुपद.

७ फेब्रुवारी

सापडलं! डेटाबेसमध्ये सगळ्या वेळा जागतिक वेळेत साठवलेल्या. आपली वेळ साडेपाच तास पुढे. डेटाबेस वाचून देतानाच साडेपाच तास मिळवून देतो. आमचा कोड ती वेळ अजून जागतिकच समजतो — आणि पुन्हा साडेपाच मिळवतो. भाजीत सासूनेही मीठ घातलं, सुनेनेही! टेस्टरचं मशिन जागतिक वेळेवर लावलेलं, म्हणून तिथे एकदाच मिळवले जातात.

साहेब म्हणाले, "दाखवताना साडेपाच वजा करून टाक, मोकळी हो." मी नाही म्हटलं. मग टेस्टरच्या मशिनवर बोंब. आता कोडनं वेळेबरोबर ती कुठली, जागतिक की आपली, हेही वाचायचं. कुणी अंदाज बांधायचाच नाही.

८ फेब्रुवारी

दिवसभर चाचण्या. डोळे चुरचुरतायत. चहा गार.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्ती सगळ्यांकडे गेली. जुन्या नोंदीही आता बरोबर दिसतात. काकांचा फोन — "पोरीनं कान पकडले!" साहेबांनी पाठ थोपटली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

११ फेब्रुवारी

आईचं पान आज उघडलं. रात्रीचा दीड. पावणेदोन. दीड. महिनाभर तेच. सात कधी नव्हतेच.

लगेच तिला फोन केला. झोप कशी लागते, विचारलं. "झोप ना? अगदी ढाराढूर!" मी वेळ सांगितली. मग म्हणाली, "उजाडेपर्यंत दम निघत नाही गं. ते दाबलं की वाटतं, कुणीतरी आहे. दादाला तेवढं सांगू नकोस."

दादाच्या मोबाईलवरही कालपासून दीडच दिसतोय.