फोन उघडणार नाही

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज पोलिसांशी भांडलो! मी! वीज खात्यात जन्मभर ‘जी सर’ म्हणणारा मी!

सुलतान बाजारहून येताना चिक्कडपल्लीच्या अलीकडे तपासणी लागलेली. लायसन्स दाखवलं, कागद दाखवले, डिकी उघडली — आत मेथी. मग तो कोवळा कॉन्स्टेबल म्हणतो, “अंकल, फोन खोलो. चॅटिंग देखना है. गांजे का चेकिंग चल रा.”

गांजा! मी तर तपकीरसुद्धा सोडलेली.

“फोन नै खोलता,” मी म्हणालो. आवाज माझाच होता का, शंका आली.

“काइकू? क्या है उसमें?”

“वारंट है क्या?”

हा शब्द तोंडात कुठून आला कोण जाणे. गर्दी जमली. त्याचे साहेब आले, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाले, “जानेदो रे, बुड्ढे हैं.”

खरं कारण फक्त इथे लिहितो. फोनमध्ये सुनंदाबाई आहेत. निवृत्त शिक्षिका, बरकतपुऱ्यात सकाळी फिरायला येतात, माझ्यासारख्याच एकट्या. गेले कित्येक महिने आम्ही एकमेकांना लिहितो. परवा मी लिहून टाकलं — ‘आपण लग्न करू या का?’ उत्तर नाही. ते त्या पोराने भर रस्त्यात मोठ्याने वाचायचं? त्यापेक्षा लॉकअप बरा!

रविवार, ९ नोव्हेंबर

घात झाला. खालच्या मजल्यावरचे एकनाथराव त्या गर्दीत होते, त्यांनी व्हिडिओ काढला! अख्ख्या अपार्टमेंटने पाहिला.

आदर्श नाश्त्याला म्हणाला, “बाबा, तुम्ही तर सुपर! राइट टू प्रायव्हसी!” अभिमानाने बघत होता पोरगा. सूनबाई दीपमालाने मात्र विचारलं, “पण बाबा, तुमच्या फोनमध्ये लपवण्यासारखं आहे तरी काय?”

मी गरम उपमा तसाच गिळला.

संध्याकाळी एकनाथराव आले. “भालेराव साहेब, पुढच्या रविवारी तुमचं भाषण. पोलिस आणि आपले हक्क!” पोलिसांना ‘नाही’ म्हणता आलं, एकनाथरावांना नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अभ्यास चालू. लायसन्स मागितलं तर दाखवायचंच. दारू तपासायला नळीत फुंका म्हणाले तर फुंकायचंच. पण उगाच वाटेत अडवून ‘फोन उघडा’ — असं नाही चालत, तसं कारण लागतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क. घटनेचं एकविसावं कलम! नऊ न्यायाधीश एकमुखाने म्हणाले.

एक बाई मात्र काही म्हणेनात. निळ्या खुणा दिसतात. म्हणजे वाचलंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

निळ्या खुणा. बस.

रविवार, १६ नोव्हेंबर

गच्चीवर भाषण. ‘जयभीम’ म्हणून मान वर केली, तर पहिल्या रांगेत सुनंदाबाई! एकनाथरावांनी अख्ख्या बरकतपुऱ्याला निमंत्रण दिलेलं.

कलम एकवीस दोनदा बोललो, पाणी चारदा प्यालो. शेवटी प्रश्न. एकनाथराव — “बायकोने फोन मागितला तर?” सगळे हसले. मग सुनंदाबाई उठल्या. शाळेतला आवाज.

“पोलिसांचं समजलं. पण घरच्यांपासून लपवायचं, ते कुठल्या कलमाखाली?”

टाळ्या! मी पाचव्यांदा पाणी प्यालो.

“त्याचा… अभ्यास चालू आहे.”

“मग तुमचा अभ्यास होऊ द्या. माझं उत्तर तोवर थांबेल.”

लोकांना वाटलं, बाईंची काहीतरी गडबड झाली — उत्तर तर वक्त्याने द्यायचं. आदर्श सगळ्यात जोरात हसत होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सांगितलं. चहा पिताना फोन स्वतः उघडून आदर्शसमोर ठेवला. “वाच.”

त्याने हात लावला नाही. “तुम्हीच सांगा, बाबा.” सांगितलं. तो भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत राहिला. मग उठला आणि ऑफिसला गेला. दीपमाला डबा घेऊन मागे धावली.

इतकी भीती पोलिसांचीही वाटली नव्हती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अबोला. एरवी आल्या आल्या ‘बाबा, जेवलात का?’ — तेही नाही. सुनंदाबाईंना लिहिलं, ‘अभ्यास झाला. नापास.’ फिरायला गेलो नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

संध्याकाळी सुनंदाबाईंचा मेसेज: ‘आदर्श आलाय. माझ्यासमोर बसून चहा पितोय. तुम्ही घोरता, वांगं खात नाही, औषधं चुकवता आणि त्याच्या आईच्या आठवणीने अजून रडता — सगळं सांगून झालं त्याचं. तरीही, हो.’